पदक मुलाचे, अभ्यास घराचा



काही रविवारांपूर्वी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी धर्मशिक्षण वर्गाच्या दाराशी आल्या. हातात मोबाईल आणि त्यावर अमेरिकेतल्या नातवाचा फोटो. अंगात निळा शर्ट, गळ्यात स्कार्फ, खिशावर लावलेले छोटे पदक आणि शेजारी तिथले फादर. आजी म्हणाल्या, "आमच्या नातवाला चर्चमध्ये मेडल मिळालं. पण हा ड्रेस तर स्काउटचा दिसतो. मग हे मेडल शाळेचं की चर्चचं?"

आम्ही धर्मशिक्षक एकमेकांकडे पाहत राहिलो. कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. शेवटी आजींच्या मुलाशी फोनवर बोलणे झाले, त्याने सगळे समजावून सांगितले आणि मग आम्हीही त्या विषयाचे थोडे वाचन केले. त्याचे एक वाक्य मात्र आमच्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "मेडल त्याला मिळालं, पण वही आम्हा दोघांना बसून पुरी करावी लागली. एवढं तर मी माझ्या कम्युनियनच्या वेळीसुद्धा शिकलो नव्हतो."

ते पदक आहे 'पार्वुली देई' या नावाचे. हे लॅटिन शब्द आहेत, अर्थ 'देवाची लहान लेकरे'. आठ ते दहा वर्षांच्या, म्हणजे तिकडच्या तिसरी ते पाचवीच्या कॅथलिक मुलांसाठी हा धर्मशिक्षणाचा एक उपक्रम आहे. आपल्याकडे स्काउटमध्ये असे पदक मिळवून देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्यातली एक गोष्ट आपल्याला लागू पडते, ती सांगण्यासाठी लिहिला आहे. पण आधी उपक्रमाची ओळख करून घेऊ.

स्काउटचा गणवेश, पण शिकवण चर्चची

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले आणि तिथून स्काउट चळवळ सुरू झाली, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकले असेल. अमेरिकेत ती ८ फेब्रुवारी १९१० रोजी पोहोचली. 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' हे त्या संस्थेचे नाव. २०२५ पासून ती 'स्काउटिंग अमेरिका' या नावाने ओळखली जाते. लहान मुलांची 'कब' शाखा इंग्लंडमध्ये १९१६ साली आणि अमेरिकेत १९३० साली निघाली. आपल्या शाळांतील कब-बुलबुल हे त्याच घराण्यातले. मुले 'अकेला' म्हणून ज्याला हाक मारतात तो लांडगा रुडयार्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक'मधला. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा आणि गोष्टीतले जंगल शिवनीचे, म्हणजे नागपूरच्या वरच्या अंगाचे. तेव्हा ही चळवळ आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

स्काउटच्या वचनात देवाप्रती कर्तव्याचा उल्लेख असतो. परंतु देव कोण, त्याची उपासना कशी करावी, हे तिथली स्काउट संस्था शिकवत नाही. ते काम तिने ज्या त्या धर्माकडे सोपवले आहे. प्रत्येक धर्माने आपापला अभ्यासक्रम आखावा, आपापल्या मुलांकडून तो करून घ्यावा आणि आपले पदक द्यावे. ते पदक गणवेशावर लावण्याची परवानगी तेवढी संस्था देते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले: शर्ट स्काउटचा, पदक चर्चचे.

कॅथलिकांनी हे काम फार लवकर हाती घेतले. १९२६ साली लॉस एंजेलिस येथे वेदीसेवा करणाऱ्या स्काउट मुलांसाठी 'आद आल्तारे देई' नावाचे पदक सुरू झाले. हे शब्द वाचून आपल्या धर्मग्रामातील सत्तरी ओलांडलेल्या वेदीसेवकांना काहीतरी आठवेल. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे तेव्हा वेदीच्या पायऱ्यांशी फादर जी पहिली प्रार्थना म्हणत, तिच्यातले हे शब्द: 'देवाच्या वेदीकडे'. अर्थ कळो न कळो, पोरे धडाधडा उत्तरे देत असत. आज अमेरिकेत कॅथलिक स्काउटसाठी अशा चार पायऱ्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी 'लाइट ऑफ क्राइस्ट', त्यानंतर आपले 'पार्वुली देई', पुढे सात संस्कारांवर आधारलेले 'आद आल्तारे देई' आणि मोठ्या मुलांसाठी पोप पायस बारावे यांच्या नावाचे पदक. याच वयाच्या मुलींच्या गाइड पथकांसाठी 'आय लिव्ह माय फेथ' हा वेगळा उपक्रम तयार झाला होता. २०१८ पासून मुलींनाही कब पथकात प्रवेश मिळू लागला आहे.

प्रोटेस्टंट बंधूंचे याच वयासाठी 'गॉड अँड फॅमिली' आहे. सेंट लुईस शहरातील 'प्रे' ही संस्था तो उपक्रम चालवते. त्याच्याकडे आपण पुढे येऊच, कारण त्यात एक फार चांगली गोष्ट आहे.

आणखी एक बारीकशी बाब आम्हाला आवडली. खरे पदक मुले समारंभालाच लावतात. एरवी त्याच्या जागी जांभळ्या कापडावर रुपेरी गाठ विणलेली पट्टी शर्टावर शिवतात. ही गाठ सर्व धर्मांच्या मुलांची एकच. ज्यू मुलाची तीच, मुसलमान मुलाची तीच, हिंदू मुलाच्या 'धर्म' पदकाची आणि पारशी मुलाच्या पदकाचीही तीच. रांगेत उभे राहिल्यावर कोणाचा धर्म कोणता ते गाठीवरून कळत नाही. फक्त एवढे कळते की या मुलाने आपल्या घरच्या श्रद्धेचा अभ्यास केला आहे.

मधली वर्षे

आठ ते अकरा हेच वय का? याचे उत्तर शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही.

संत पोप पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी एक आदेश काढला आणि मुलांना समज येते त्या वयात, साधारण सातव्या वर्षी, ख्रिस्तप्रसाद देण्यास सांगितले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी दहा, बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबावे लागे. चर्चला मिळालेले हे मोठे वरदान आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे प्रथम कम्युनियन आणि दृढीकरण यांच्यामध्ये एक लांबलचक पट्टा तयार झाला. या पट्ट्यात पुढ्यात कोणताही संस्कार नसतो. पांढरा ड्रेस शिवायचा नसतो, हॉल बुक करायचा नसतो, पाहुणे यायचे नसतात.

आणि नेमक्या याच पट्ट्यात आमचे वर्ग रोडावतात. कम्युनियनच्या वर्षी मुलगा आजारी असला तरी आई रिक्षाने आणून सोडते. पुढच्या वर्षी जूनमध्ये तोच मुलगा येतो, ऑगस्टमध्ये कधीतरी येतो, आणि गणिताचा क्लास रविवारी सकाळी लागला की येतच नाही. आम्ही घरी चौकशीला गेलो की उत्तर ठरलेले असते, "आता दृढीकरणाच्या वेळी पाठवू." यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आमच्यापैकी दोघांची स्वतःची मुलेही अशीच गळाली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

खरे तर हे वय किती छान! लहानपणीचा भाबडेपणा पुरता गेलेला नसतो आणि प्रश्न विचारण्याची हिंमत आलेली असते. देवाने डायनासोर का मारले, आजोबा आता नक्की कुठे आहेत, शेजारचा मित्र ख्रिस्ती नाही तर तो स्वर्गात जाईल का? हे प्रश्न मूल पंधराव्या वर्षी आपल्याला विचारत नाही. तेव्हा ते मित्रांना विचारते, किंवा मोबाईलला.

वहीत काय असते

'पार्वुली देई'चा हेतू दोन वाक्यांत सांगता येतो. आपल्या कुटुंबात आणि आपल्या धर्मग्रामात देव रोजच्या रोज कसा हजर आहे, हे मुलाने स्वतः शोधून काढावे. आणि आपल्याही हातून या कुटुंबाला, या समाजाला काही देता येते, हे त्याच्या लक्षात येऊन त्याला स्वतःबद्दल चांगले वाटावे.

दुसरे वाक्य आपण सहज वाचून पुढे जाऊ, पण थोडे थांबावे. आपल्याकडे मुलाला धर्मशिक्षणात मुख्यतः काय चुकते ते सांगितले जाते. मिस्सात बोलू नको, पाय हलवू नको, प्रायश्चित्ताच्या वेळी सगळी पापे सांग. हे सांगावे लागते, खरे आहे. पण चर्चला तुझी गरज आहे, तू नसशील तर काहीतरी कमी पडेल, हे दहा वर्षांच्या मुलाला आपण शेवटचे कधी सांगितले?

या उपक्रमात वर्गात बसून पाठांतर करून परीक्षा द्यायची नसते. काही करून पाहायचे असते. चित्र काढायचे, घरातल्यांशी बोलायचे, आपल्या चर्चमध्ये फिरून काय कशासाठी आहे ते बघायचे, कोणाच्या तरी उपयोगी पडायचे आणि मग त्याबद्दल बोलायचे. हे सगळे मुख्यतः पालकाबरोबर करायचे. मूल एकट्याने वही भरू शकत नाही. घरातले मोठे माणूस शेजारी बसलेच पाहिजे. तिकडच्या कब पथकांत 'अकेला' ही हाक फक्त पथकप्रमुखासाठी नसते. जो कोणी मुलाला वाट दाखवतो, म्हणजे आई, बाबा, शिक्षक, तो त्याचा 'अकेला'. आपल्या कानाला या शब्दाचा अर्थ 'एकटा' असा लागतो, ही गंमत वेगळी.

आपल्या धर्माच्या दृष्टीने यात नवे काहीच नाही. स्नानसंस्काराच्या वेळी फादर आईवडिलांना विचारतात, या बाळाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्हाला कळली आहे ना? आपण मोठ्याने 'होय' म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'गृहचर्च' म्हटले आणि आईवडील हे मुलांचे श्रद्धेतील पहिले शिक्षक असल्याचे सांगितले. अनुवादाच्या ग्रंथात, सहाव्या अध्यायात, इस्राएलच्या बापांना सांगितले आहे की देवाचे शब्द घरात बसले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना मुलांशी बोलत जा. तिथे वर्गाचा उल्लेख नाही, फळ्याचाही नाही.

बारा भाऊ आणि एक अंगरखा

आता 'गॉड अँड फॅमिली'कडे वळू. चौथी-पाचवीच्या मुलांना कुटुंब शिकवण्यासाठी या उपक्रमाने बायबलमधील जे घर निवडले, ते नाझरेथचे पवित्र कुटुंब नव्हे. निवडले आहे याकोबाचे घर, म्हणजे योसेफाची कथा. उत्पत्तीच्या ग्रंथात ३७ व्या अध्यायापासून ५० व्यापर्यंत ती येते. ही निवड ज्याने केली त्याला मुले कळली होती, असे आम्हाला वाटते. आपले घर नाझरेथसारखे नाही हे दहा वर्षांच्या मुलाला पक्के ठाऊक असते. याकोबाचे घर मात्र त्याला ओळखीचे वाटते.

बघा ना. बाप एका मुलाचे जास्त लाड करतो आणि ते लपवतही नाही. त्यालाच भारी अंगरखा शिवतो. भाऊ त्याच्याशी धड बोलत नाहीत. सतरा वर्षांचा योसेफही काही गरीब गाय नाही. तो भावांच्या चहाड्या बापाला सांगतो आणि तुम्ही सगळे माझ्यापुढे वाकला आहात असे स्वप्न पडले, तेही त्यांनाच ऐकवतो. मग ते त्याला खड्ड्यात टाकतात, वर बसून जेवतात आणि वीस चांदीच्या नाण्यांना व्यापाऱ्यांच्या हवाली करतात. अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवतात.

या कथेचा धडा घ्यायचा तर आम्ही वर्गात सहसा घाईने शेवटाकडे धावतो: योसेफ मोठा अधिकारी झाला, त्याने भावांना क्षमा केली, मुलांनो तुम्हीही क्षमा करा. पण कथेचे खरे मर्म मधल्या अध्यायांत आहे आणि ते घरीच उलगडता येते. योसेफ फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. म्हणजे गुलामगिरी आणि तुरुंग यांत तेरा वर्षे गेली. दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले तेव्हा त्याने त्यांना ओळखले, पण गळ्यात पडून लगेच क्षमा केली नाही. त्यांना कठोर शब्द बोलला. एकाला अडकवून ठेवले. धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवून त्यांची परीक्षा घेतली. आणि मधूनमधून दुसऱ्या खोलीत जाऊन रडला.

तो कशाची वाट पाहत होता? आमच्या समजुतीप्रमाणे, आपले भाऊ बदलले आहेत का, हे त्याला पाहायचे होते. उत्तर ४४ व्या अध्यायात मिळते. ज्या यहूदाने एकेकाळी 'याला विकून टाकू' असे सुचवले होते, तोच पुढे येऊन म्हणतो की बन्यामीनाला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम करून ठेवा, नाहीतर आमचा म्हातारा बाप दुःखाने मरेल. बाप अजूनही धाकट्याचेच जास्त लाड करतो, हे यहूदाला माहीत आहे. तरीही तो हे म्हणतो. इथे योसेफाला राहवत नाही. सगळ्यांना बाहेर काढून तो इतक्या मोठ्याने रडतो की शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू जाते.

हे सर्व वाचून झाल्यावर मुलाला विचारायचे प्रश्न साधे आहेत. आपल्या घरात कोणाचे जास्त लाड होतात असे तुला वाटते? अंगरखा कोणाचा? तू खड्ड्याच्या आत होतास असे कधी वाटले, आणि तू वर बसून जेवत होतास असे कधी झाले?

हे प्रश्न धर्मशिक्षकाने चाळीस मुलांच्या वर्गात विचारले तर मुले खाली बघतात, किंवा फादरांना आवडेल ते उत्तर देतात. पण घरी, दिवा मालवण्यापूर्वी, आईने किंवा बाबांनी विचारले तर खरे उत्तर येते. ते ऐकण्याची आपली तयारी मात्र पाहिजे. आमच्यातील एका शिक्षिकेने आपल्या मुलीला पहिला प्रश्न विचारला. मुलीने क्षणाचाही विलंब न लावता धाकट्या भावाकडे बोट दाखवले. त्या रात्री नवराबायको बराच वेळ बोलत बसले होते, असे ती सांगते.

बक्षिसाचे काय

कोणी म्हणेल, देवाच्या गोष्टीला मेडल कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही स्वतः त्यात पोळलो आहोत.

काही वर्षांपूर्वी मिस्साची हजेरी वाढावी म्हणून आम्ही मुलांना कार्डे वाटली होती. दर रविवारी मिस्सानंतर एक स्टार, पंचवीस स्टार झाले की बक्षीस. पहिल्या महिन्यात पुढची बाके भरून गेली. आम्ही खूश झालो. मग लक्षात आले की काही मुले शेवटच्या आशीर्वादाला येऊन स्टार घेत आहेत. एकाने तर धाकट्या बहिणीजवळ कार्ड पाठवले. बक्षीस समारंभानंतरच्या रविवारी पुढची बाके अर्धी रिकामी होती. पूर्वी जी मुले काही न मिळता येत असत, त्यांतलीही काही दिसेनात. त्या एका गोष्टीचे आम्हाला फार वाईट वाटले.

पुढे आमच्या वाचनात आले की १९७३ साली अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांना चित्रे काढायची मुळातच आवड होती अशी मुले घेतली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर रिबन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर ते दिले. काहींना दिलेच नाही. थोड्या दिवसांनी पाहिले तर बक्षिसाच्या बोलीवर ज्यांनी चित्र काढले होते, ती मुले मोकळ्या वेळेत चित्राकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे मात्र नुकसान झाले नव्हते.

तिकडचे कॅथलिक स्काउट मार्गदर्शक 'पार्वुली देई'ला बक्षीस न म्हणता 'चिन्ह' म्हणतात. त्यात पहिला, दुसरा नंबर नसतो. एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे जात नाही. समारंभही बहुधा फेब्रुवारीतील स्काउट रविवारच्या सुमारास, सर्वांच्या उपासनेत, फादर किंवा बिशप यांच्या हस्ते होतो. तरीसुद्धा पदक ते पदकच, शर्टावर चमकते, आणि काही मुले त्याच्यासाठीच वही भरत असणार. आम्हाला वाटते, या उपक्रमाला वाचवते ती एकच गोष्ट: पालकाबरोबर गेलेल्या संध्याकाळी. पदक पुढे खणात पडून राहते. बाबांनी मला योसेफाची गोष्ट वाचून दाखवली होती, हे विसरले जात नाही.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या स्काउट संस्थेच्या आश्रयाने हे उपक्रम वाढले, तिच्यात अनेक दशके मुलांवर लैंगिक अत्याचार झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, ८२,००० हून अधिक पीडितांनी दावे दाखल केले आणि २.४६ अब्ज डॉलर्सच्या भरपाईची योजना २०२३ साली अमलात आली. आपल्या चर्चलाही याच पापाबद्दल मान खाली घालावी लागली आहे, म्हणून आपण बोट दाखवण्याच्या जागी नाही. तिथे आता कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढ हजर असावे लागतात आणि एका मोठ्या माणसाने एका मुलाला एकांतात घेऊन बसण्यास मनाई आहे. आपल्या वर्गांनाही हेच लागू असावे, असे आम्ही ठरवले आहे. मुलांच्या पालकांनी वर्गात येऊन मागे बसावे. आधी सांगण्याची गरज नाही.

"तो सोबत असेलच"

आता सगळ्यात मोठी अडचण. वेळ कुठे आहे?

आपल्या धर्मग्रामातील किती आईबाप सकाळी विरार लोकल पकडतात आणि रात्री नऊला घरी येतात, हे आम्ही जाणतो. त्यांना 'मुलाजवळ बसा' असे रविवारच्या पत्रकातून सांगणे सोपे आहे. म्हणूनच आपण मूल वर्गाला सोडतो आणि निश्चिंत होतो: तिथे शिक्षक आहेत, फादर आहेत, तो बरोबरच्या मुलांत असेल.

लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, नेमके हेच घडले आहे. येशू बारा वर्षांचा होता. यरुशलेमचा सण आटोपून मरिया आणि योसेफ परत निघाले. मुलगा काफिल्यात असेल, नातेवाइकांत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग शोधाशोध, परत यरुशलेम, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला, गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत. पवित्र मरियेलासुद्धा वाटले की तो सोबत असेलच, ही गोष्ट आम्हा आईबापांना मोठा धीर देते. शुभवर्तमानात त्यांना कोणी दोष देत नाही. पण ते परत फिरले, हे मात्र लिहिलेले आहे.

आठवड्यातून अर्धा तास. आम्ही एवढेच मागत आहोत, आणि तोही वाटेत चालेल.

येत्या महिन्यापासून तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी आपण चार आठवड्यांचा एक छोटा अभ्यास सुरू करत आहोत. पदक नाही, स्टार नाही, नंबर नाही. एक साधी वही. पहिल्या आठवड्यात मुलाने घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारायचे की तुम्हाला पहिली प्रार्थना कोणी शिकवली, आणि ते नाव लिहायचे. त्यावरून मागे जाता येईल तितके जायचे. आम्ही आपसात करून पाहिले. बहुतेकांची वाट एखाद्या पणजीपाशी जाऊन थांबली, जिला वाचताही येत नव्हते. दुसरा आठवडा योसेफाचा. तो घाईने उरकू नये, लागले तर दोन आठवडे घ्यावेत. तिसऱ्यात मूल आणि मोठे माणूस दोघांनी मिस्सा नसताना चर्चमध्ये यायचे, स्नानकुंडाजवळ उभे राहून मुलाच्या स्नानसंस्काराची आठवण सांगायची, आणि चर्चमधली जी वस्तू कशासाठी आहे हे दोघांनाही माहीत नाही तिची नोंद करायची. मग ते आम्हाला किंवा फादरांना विचारायचे. चौथ्या आठवड्यात आजारी किंवा एकट्या राहणाऱ्या एका शेजाऱ्याकडे दोघांनी मिळून जायचे. शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

वहीत चित्र काढले तरी चालेल, पालकाला लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावे. शेवटी वही वेदीवर अर्पणाच्या वेळी आणायची आणि त्याच दिवशी घरी परत न्यायची. कोणी ती तपासणार नाही. वह्या धर्मशिक्षण वर्गाच्या टेबलावर ठेवल्या आहेत, दोन्ही मिस्सांनंतर मिळतील. नाव नोंदवताना मुलाबरोबर बसणाऱ्या मोठ्या माणसाचेही नाव लिहावे लागेल.

पहिले नाव नोंदवले गेले आहे. त्याच आजी मागच्या रविवारी पुन्हा आल्या. त्यांची दुसरी नात इथे चौथीत आहे, सून कामावरून उशिरा येते. "मोठं माणूस म्हणजे आजी चालेल का?" त्यांनी विचारले. चालेल असे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वहीवर नातीच्या नावाखाली स्वतःचे नाव सावकाश, एकेक अक्षर जोडून लिहिले.